सार्वजनिक सायकल आणि दुर्बल घटक : उणकलच्या निमित्ताने

भाड्याने सायकल घेणे ही आपल्याकडे नवी गोष्ट नाही. एक-दोन पिढ्यांपूर्वी महाराष्ट्रात काय किंवा शेजारच्या कर्नाटकात काय, जवळजवळ प्रत्येक बाजारगावी तासावर सायकली देणारे एखादे तरी दुकान असे. दुकानदार वहीत नाव व वेळ लिहून घेई, गिऱ्हाईक ओळखीचे असल्यास अनामत मागत नसे, आणि पंक्चर झाल्यास ते कोणाच्या हातून झाले याचा निवाडाही तोच करी. गरिबाघरच्या कितीतरी मुलांनी सायकल शिकून घेतली ती अशा भाड्याच्या सायकलींवरच. घरोघरी स्वयंचलित दुचाकी आली, तशी ही दुकाने हळूहळू मिटली.

गेल्या काही वर्षांत अनेक शहरांत सार्वजनिक सायकल योजना सुरू झाल्या. मूळ कल्पना जुनीच आहे : सायकल विकत न घेता हवी तेवढा वेळ वापरावी व परत करावी. दुकानदाराच्या जागी यंत्र आले आहे आणि वहीच्या जागी संगणक. या बदलाने व्यवस्थेचा व्याप वाढला आणि तिला शिस्तही आली. परंतु ज्या वर्गाला स्वस्त वाहनाची निकड सर्वाधिक, तोच वर्ग या सायकलींवर क्वचित दिसतो, असा अनुभव देशोदेशी आला आहे. असे का व्हावे आणि त्यावर कोणते उपाय संभवतात, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे. त्यासाठी हुबळी-धारवाड महानगरातील उणकल हा भाग उदाहरणादाखल घेतला आहे. हा प्रदेश १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होता आणि तेथे आजही मराठी भाषिक कुटुंबे राहतात. शिवाय तेथील परिस्थिती महाराष्ट्रातील मध्यम आकाराच्या शहरांशी बरीच मिळतीजुळती आहे. म्हणून तेथील विचार आपल्या नगरपालिका व महानगरपालिका यांनाही उपयोगी पडावा.

योजनेचे स्वरूप

सार्वजनिक सायकल योजनेत शहराच्या ठराविक भागात थोड्या थोड्या अंतरावर सायकल केंद्रे उभारलेली असतात. प्रत्येक केंद्रावर कुलूप असलेले खांब असतात व त्यांना सायकली अडकवलेल्या असतात. नोंदणी केलेला सभासद कार्ड दाखवून किंवा मोबाइलच्या साहाय्याने कुलूप उघडतो आणि काम झाल्यावर आपल्याला सोयीच्या अशा दुसऱ्या कोणत्याही केंद्रावर सायकल लावून मोकळा होतो. जेथून घेतली तेथेच ती परत करण्याचे बंधन नसते. जुन्या दुकानापेक्षा ही सोय मोठी आहे. बसमधून उतरल्यावर घरापर्यंतचा किंवा कामाच्या ठिकाणापर्यंतचा जो लहानसा टप्पा उरतो, तो पार करण्यास ही पद्धत विशेष उपयुक्त मानली जाते.

या कल्पनेचा इतिहास थोडक्यात असा. १९६५ मध्ये अ‍ॅमस्टरडॅम येथे काही तरुणांनी पांढऱ्या रंगाच्या सायकली कोणीही वापराव्यात म्हणून रस्त्यावर मोकळ्या ठेवल्या. तो प्रयोग टिकला नाही. १९९५ मध्ये कोपनहेगनने नाणे टाकून उघडणारे कुलूप आणले. २००५ मध्ये फ्रान्समधील लियाँ व २००७ मध्ये पॅरिस येथे संगणकीय नोंद व कार्ड यांवर आधारलेली मोठी योजना उभी राहिली आणि पुढे तोच नमुना जगभर पसरला. २००८ मध्ये चीनमधील हांगझो शहराने ही योजना सार्वजनिक बसव्यवस्थेला जोडली. सायकल हरवू नये, हा प्रश्न यांपैकी प्रत्येक टप्प्यावर प्रथम सोडविण्यात आला आणि त्यासाठी वापरणाऱ्याची ओळख अधिकाधिक काटेकोरपणे घेण्यात येऊ लागली. चोरी रोखणारा हा दरवाजा गरिबालाही कसा रोखतो, ते पुढे पाहू.

आपल्या देशात २००६ च्या राष्ट्रीय नागरी परिवहन धोरणाने वाहनांपेक्षा माणसांच्या वाहतुकीस महत्त्व दिले आणि पायी चालणे व सायकल यांना मानाचे स्थान दिले. कर्नाटकात ४ जून २०१७ रोजी म्हैसूर येथे ‘ट्रिन ट्रिन’ ही योजना ४८ केंद्रे व सुमारे ४५० सायकली घेऊन सुरू झाली. हुबळी-धारवाडची निवड केंद्र शासनाच्या स्मार्ट सिटी अभियानात सप्टेंबर २०१६ मध्ये झाली. त्या अभियानातून या दशकाच्या आरंभी हुबळीत ३४ केंद्रे व ३४० सायकली असलेली सार्वजनिक सायकल योजना उभारण्यात आली.

उणकल व परिसर

उणकल हे मुळात तलावाकाठचे जुने गाव. चार दिशांना चार द्वारे असलेले चालुक्यकालीन चंद्रमौळेश्वर मंदिर येथे आहे. १९६२ मध्ये हुबळी व धारवाड यांची एक महानगरपालिका झाली. शहर वाढत गेले तसे हे गाव त्याच्या पोटात आले. आज हुबळी-धारवाड रस्त्यावर एकीकडे गावठाणाच्या अरुंद गल्ल्या, दुसरीकडे नव्या वसाहती, जवळच विद्यानगरातील महाविद्यालये व रुग्णालये, आणि धारवाडच्या बाजूस पुढे अमरगोळचे कृषि उत्पन्न बाजार आवार, असा हा परिसर आहे. विद्यार्थी, घरकाम करणाऱ्या स्त्रिया, हमाल, बांधकाम मजूर व दुकानांतील नोकर यांची ये-जा या पट्ट्यात दिवसभर चालू असते.

याच रस्त्याच्या मध्यभागातून जलद बसमार्ग जातो. सुमारे २२ किलोमीटर लांबीच्या या मार्गावर ‘चिगरी’ या नावाच्या बसगाड्या ऑक्टोबर २०१८ पासून प्रायोगिक स्वरूपात धावू लागल्या आणि २ फेब्रुवारी २०२० रोजी त्याचे औपचारिक उद्घाटन झाले. उणकल परिसरातही या मार्गाचे थांबे आहेत. म्हणजे मोठ्या अंतराचा प्रश्न बऱ्याच अंशी सुटला आहे. उरला आहे तो थांब्यापासून घरापर्यंतचा आणि थांब्यापासून कामापर्यंतचा लहान टप्पा.

हा टप्पा लहान असला तरी तो स्वस्त असतोच असे नाही. एक उदाहरण कल्पून पाहू. एखाद्या मजुराला थांब्यापासून कामाच्या जागेपर्यंत दीड किलोमीटर जावे लागते. पायी गेल्यास त्यास जाताना वीस व येताना वीस मिनिटे लागतात. रिक्षात सहप्रवाशांसह बसून तो फेरीला पंधरा रुपये देत असेल, तर महिन्याच्या सव्वीस दिवसांत ७८० रुपये होतात. सायकलीने हेच अंतर सहा-सात मिनिटांत आणि नाममात्र खर्चात कापता येते. वाचलेले पैसे ही त्याच्या घरातील महिन्याच्या किराण्याला मोठीच भर ठरते. सार्वजनिक सायकलीची खरी उपयुक्तता येथे आहे. तलावाकाठी सकाळी फेरफटका मारणाऱ्यास ती आनंद देईल, त्यात वावगे काहीच नाही. परंतु सार्वजनिक पैशातून उभारलेल्या सोयीचे मोजमाप या मजुराच्या उपयोगावरूनच व्हावयास हवे.

गरीब माणसाला सायकलीचे वावडे आहे, असा एक समज आढळतो. तो वस्तुस्थितीस धरून नाही. २०११ च्या जनगणनेत देशातील सुमारे ४५ टक्के कुटुंबांकडे सायकल असल्याचे आढळले. शेती सोडून अन्य व्यवसाय करणाऱ्या कामगारांपैकी सुमारे १३ टक्के लोक सायकलीने व त्याहून बरेच अधिक लोक पायी कामावर जात असल्याचीही नोंद त्याच जनगणनेत आहे. पेपर टाकणारा, दूध घालणारा, रखवालदार आणि गवंडी यांना सायकल शिकवावी लागत नाही. सार्वजनिक सायकल त्यांच्यापर्यंत न पोहोचण्याची कारणे म्हणून अन्यत्र शोधली पाहिजेत.

पहिली अडचण : अंतर व विरळ केंद्रे

सायकल केंद्रापर्यंत जाण्यासच दहा मिनिटे चालावे लागत असेल, तर सायकलीचा उपयोग संपतो. म्हणून केंद्रे साधारण तीनशे मीटर अंतरावर, म्हणजे एका चौरस किलोमीटरमध्ये दहा ते सोळा असावीत, असा संकेत या विषयातील तज्ज्ञांनी रूढ केला आहे. त्या हिशेबाने ३४ केंद्रे दोन ते साडेतीन चौरस किलोमीटरच्या प्रदेशास पुरतात. हुबळी-धारवाड महानगराचा विस्तार सुमारे दोनशे चौरस किलोमीटर आहे. २०११ ची लोकसंख्या ९ लाख ४३ हजारांहून अधिक धरली, तर ३४० सायकली म्हणजे सुमारे पावणेतीन हजार माणसांमागे एक सायकल होते. पहिल्या टप्प्यातील योजना लहान असणे स्वाभाविक आहे व त्याबद्दल कोणास दोष देण्याचे कारण नाही. मात्र लहान योजनेतील केंद्रे कोठे ठेवावयाची, हा निर्णय त्यामुळेच अतिशय महत्त्वाचा ठरतो.

केंद्रांच्या जागा निवडताना रुंद रस्ता, मोकळी जागा, विजेची सोय व डोळ्यांत भरेल असे स्थान पाहिले जाते. हे सर्व महाविद्यालये, उद्याने आणि आखीव वसाहती यांच्या भोवती सहज मिळते. गावठाणात व दाट वस्तीत ते मिळत नाही. परिणामी, मुद्दाम कोणी वगळले नसतानाही गरीब वस्ती योजनेच्या नकाशाबाहेर राहते. प्रवासाचे एक टोक केंद्राजवळ व दुसरे केंद्राबाहेर असेल, तर ती सायकल घेता येते पण ठेवता येत नाही. कामगारांच्या वस्तीत दोन केंद्रे उभारली आणि त्यांच्या कामाच्या ठिकाणी एकही नसले, तर ती दोन केंद्रेही वाया जातात. यासाठी केंद्रांचा विचार जोडीने करावा लागतो.

दुसरी अडचण : नोंदणी, अनामत व मोबाइल

सभासद होण्यासाठी सामान्यतः ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा, परत मिळणारी अनामत रक्कम आणि मोबाइल क्रमांक यांची आवश्यकता असते. सुशिक्षित नोकरदारास ही पाच मिनिटांची बाब आहे. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या स्थलांतरित मजुराच्या ओळखपत्रावर मात्र त्याच्या मूळ गावाचा पत्ता असतो. अनामत परत मिळणारी असली, तरी ती आज द्यावी लागते. आणि रोजंदारीवर जगणाऱ्यास एका दिवसाची मजुरी अडकवून ठेवणे सोपे नसते. बँकेत पैसे असणारास अनामत हा खर्च वाटत नाही. रोज कमावून रोज खाणाऱ्यास मात्र तो खर्चच असतो.

मोबाइलवरून चालणाऱ्या योजनांत ही अडचण आणखी वाढते. २०१९-२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातील १५ ते ४९ वयोगटातील ५४ टक्के स्त्रियांकडेच स्वतः वापरीत असलेला मोबाइल होता आणि कधी ना कधी इंटरनेट वापरलेल्या स्त्रियांचे प्रमाण ३३ टक्के होते. पुरुषांत हेच प्रमाण ५७ टक्के होते. त्यानंतर या आकड्यांत वाढ झाली असली, तरी घरात एकच चांगला मोबाइल व तो कर्त्या पुरुषाच्या खिशात, ही स्थिती अद्याप अनेक घरांत आहे. ज्या वाहनाची किल्ली मोबाइलमध्ये आहे, त्या वाहनावर अशा घरातील स्त्रीचा हक्क केवळ कागदोपत्री राहतो. सूचना इंग्रजीत असतील तर कन्नड, मराठी, उर्दू वाचणाऱ्यासही तोच अनुभव येतो.

या संदर्भात कर्नाटकातील ‘शक्ती’ योजनेची तुलना उद्बोधक ठरेल. ११ जून २०२३ पासून त्या राज्यात स्त्रियांना साध्या सरकारी बसगाड्यांतून विनामूल्य प्रवास करता येऊ लागला. राज्यातील रहिवासाचा पुरावा दाखविला की वाहक शून्य रुपयांचे तिकीट देतो. अनामत नाही, आगाऊ नोंदणी नाही, मोबाइल नाही. आपल्या राज्यातही १७ मार्च २०२३ पासून एस.टी.च्या प्रवासात स्त्रियांना निम्म्या भाड्याची सवलत मिळू लागली, तीही अशाच साध्या रीतीने. या दोन्ही योजनांत सवलतीची रक्कम जितकी महत्त्वाची, तितकीच ती घेण्याची सुलभ पद्धत महत्त्वाची आहे.

तिसरी अडचण : नुकसानीचे भय

सायकल हरवली तर? ब्रेक तुटला तर? केंद्रावर नीट अडकली नाही आणि रात्रभर तास मोजले गेले तर? हे प्रश्न सुखवस्तू माणसाच्या मनातही येतात, परंतु तो फार तर दंड भरून मोकळा होतो. गरिबाच्या बाबतीत एका सायकलीची किंमत म्हणजे महिन्याच्या कमाईचा मोठा भाग असतो. त्याशिवाय चोरीचा आळ येईल, पोलीस ठाण्यात जावे लागेल, ही धास्ती वेगळीच. अमेरिकेतील पोर्टलंड स्टेट विद्यापीठाने फिलाडेल्फिया, शिकागो व न्यूयॉर्कचा ब्रुकलिन भाग येथे केलेल्या आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अल्प उत्पन्न गटातील रहिवाशांनी वर्गणीचा खर्च, वाहतुकीतील धोका आणि सायकलीच्या नुकसानीची जबाबदारी या अडचणी ठळकपणे सांगितल्या. माणसे व देश भिन्न असले, तरी भय एकच आहे.

जुन्या दुकानदाराकडे हे भय नव्हते, कारण चूक कोणाची हे समोरासमोर ठरत असे. यंत्रापुढे बाजू मांडता येत नाही. तक्रारीसाठी दूरध्वनी क्रमांक असतो, पण दुबळ्या माणसाला माणसाशी बोलावयाचे असते.

चौथी अडचण : रस्त्यावरील धोका

उणकलचा मुख्य रस्ता रुंद व वेगवान आहे. जलद बसचे थांबे रस्त्याच्या मध्यभागी आहेत. थांब्यावरून निघून सायकल केंद्रापर्यंत किंवा केंद्रावरून थांब्यापर्यंत जाताना वाहनांचा प्रवाह ओलांडावाच लागतो. सायकलस्वारास डावीकडे सुरक्षित पट्टा नसेल, तर मालमोटार व मोटारी यांच्या गर्दीत त्यास जीव मुठीत धरून चालवावे लागते. अपघात झाल्यास मजुराचा रोजगार बुडतो व औषधाचा खर्च पदरी येतो. म्हणून धोक्याचा हिशेब तोही करतो, आणि तो शहाणपणाचाच असतो.

या दृष्टीने हुबळीत हाती घेण्यात आलेला एक प्रकल्प लक्ष देण्यासारखा आहे. उणकल तलावाकडून शहरात येणाऱ्या नाल्याच्या काठाने पादचारी व सायकलस्वार यांच्यासाठी हरित मार्ग विकसित करण्याची योजना २०१९ मध्ये केंद्र शासनाच्या ‘सिटीज’ या कार्यक्रमात निवडण्यात आली. नाल्याकाठचा मार्ग मोठ्या रस्त्यावरील रहदारीपासून अलग राहू शकतो. अशा मार्गाला आजूबाजूच्या गल्ल्यांतून जागोजागी वाटा फुटल्या, तर तो कामावर जाणाऱ्यांचा रस्ता होईल. न फुटल्या, तर तो केवळ फिरावयास येणाऱ्यांचा राहील.

पाचवी अडचण : स्त्रियांचा प्रवास

उणकलच्या जुन्या वस्तीत राहून विद्यानगरात चार घरी धुणीभांडी करणाऱ्या एखाद्या स्त्रीची दिनचर्या डोळ्यांपुढे आणावी. तिचा प्रवास एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी व परत, असा सरळ नसतो. पहिल्या घरातून दुसऱ्या, तेथून तिसऱ्या, मध्ये मुलाला शाळेत सोडणे, परतताना भाजी व रेशनचे धान्य घेणे, अशी ती साखळी असते. प्रत्येक घरापुढे केंद्र असणे शक्य नाही. सायकल जवळ ठेवावी तर भाड्याचे तास वाढत जातात. सायकलीला मूल बसविण्याची सोय नसते, आणि पुढील टोपलीत पाच किलो धान्य मावत नाही. थोडक्यात, सर्वसाधारण योजनेतील दर व सायकलीची घडण ही कार्यालयात जाणाऱ्या एकट्या पुरुषाच्या प्रवासावरून बेतलेली असतात.

पुष्कळ प्रौढ स्त्रियांना लहानपणी सायकल शिकावयास मिळालेली नसते, हेही खरे. परंतु ही अडचण दुर्लंघ्य नाही. तमिळनाडूतील पुदुक्कोट्टै जिल्ह्यात १९९१-९२ च्या सुमारास साक्षरता मोहिमेबरोबर स्त्रियांना सायकल शिकविण्याचा उपक्रम हाती घेण्यात आला. तेव्हा शेतमजूर, दगडखाणीत काम करणाऱ्या आणि अंगणवाडीत काम करणाऱ्या हजारो स्त्रिया सायकल शिकल्या. साडी नेसून सायकल चालविणे अशक्य आहे, हा समज त्यांनी खोटा ठरविला. त्यासाठी लागले ते एवढेच : शिकविणारी ओळखीची स्त्री, मोकळे मैदान आणि पाठीशी उभे असलेले प्रशासन.

अन्यत्र झालेले उपाय

वरील अडचणींवर निरनिराळ्या ठिकाणी निरनिराळे उपाय योजण्यात आले आहेत. फिलाडेल्फिया येथे २०१५ मध्ये सुरू झालेल्या योजनेत प्रारंभापासूनच रोख पैसे भरण्याची सोय ठेवण्यात आली, आणि पुढे अन्नसाहाय्याचे शासकीय कार्ड असलेल्या रहिवाशांना अल्प मासिक शुल्कात सभासदत्व मिळू लागले. शिकागोनेही २०१५ मध्ये अल्प उत्पन्न गटासाठी पाच डॉलरची प्राथमिक वार्षिक वर्गणी ठेवली. पात्रता ठरविण्यासाठी नवा दाखला न मागता आधीच हाती असलेले कार्ड ग्राह्य धरणे, हा फिलाडेल्फियातील उपायाचा गाभा. आपल्याकडे शिधापत्रिका हे काम सहज करू शकेल. हांगझो येथे बसचे कार्ड व सायकलीचे कार्ड एकच ठेवण्यात आले आणि पहिला तास विनामूल्य देण्यात आला. त्यामुळे सायकल ही बसचाच पुढचा टप्पा आहे, अशी लोकांची भावना झाली.

याच्या उलट अनुभव पुण्याचा. एके काळी सायकलींचे शहर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या शहरात २०१७ च्या अखेरीपासून खाजगी कंपन्यांच्या मोबाइलवर चालणाऱ्या सायकली मोठ्या संख्येने आल्या. त्यांना ठराविक खांब नव्हते. कोठेही ठेवता येत होत्या. मोडतोड, चोरी व व्यवस्थापनातील अडचणी यांमुळे काही काळातच त्यांपैकी बहुतेक दिसेनाशा झाल्या. ज्या वस्तूवर वस्तीतील कोणाचीच देखरेख नाही आणि जी वस्तीतील बहुतेकांना वापरता येत नाही, तिच्याबद्दल आपुलकी निर्माण होत नाही, हा त्यातून घ्यावयाचा बोध.

तिसरा मार्ग स्वतःची सायकल देण्याचा. कर्नाटक शासनाने २००६-०७ पासून आठवीच्या विद्यार्थ्यांना विनामूल्य सायकली देण्यास प्रारंभ केला. महाराष्ट्रातही मानव विकास कार्यक्रमातून ग्रामीण मुलींना शाळेसाठी सायकली देण्यात आल्या. बिहारमध्ये २००६ मध्ये सुरू झालेल्या अशाच योजनेचा अर्थशास्त्रज्ञांनी अभ्यास केला. माध्यमिक शाळेत योग्य वयात दाखल होणाऱ्या मुलींचे प्रमाण तिच्यामुळे ३२ टक्क्यांनी वाढल्याचे त्यांस आढळले, आणि शाळेपासून दूर राहणाऱ्या मुलींना तिचा लाभ अधिक झाला. येथे अनामत, मोबाइल व नुकसानीचे भय यांपैकी एकही अडचण नव्हती. रोज ठराविक मार्गाने जाणाऱ्यास स्वतःची सायकल अधिक सोयीची, तर बसला जोडून अधूनमधून प्रवास करणाऱ्यास सार्वजनिक सायकल अधिक सोयीची, असा विवेक नियोजनकर्त्यांनी ठेवावा. एका मार्गाने दुसऱ्याची गरज संपत नाही.

काय करता येईल

उपरोक्त विवेचनावरून स्थानिक संस्थांना काही गोष्टी हाती घेता येतील.

पहिली गोष्ट जागांची निवड. नवे केंद्र उभारण्यापूर्वी वस्तीतील लोक कोठे, केव्हा व कशासाठी जातात याची विचारपूस करावी. वस्ती व कामाची जागा यांचा जोड धरून केंद्रे ठरवावीत. हमाल व भाजीविक्रेते पहाटेच घर सोडतात, त्यामुळे केंद्राची वेळही त्याप्रमाणे असावी. अरुंद गल्लीत पंधरा खांब मावत नसतील, तर चार खांबांचे केंद्र करावे.

दुसरी गोष्ट नोंदणीची. शिधापत्रिका अथवा कामगार नोंदणीचे कार्ड असलेल्यांकडून अनामत घेऊ नये, किंवा ती लहान हप्त्यांत घ्यावी. नोंदणी वस्तीतच व्हावी. त्यासाठी स्वतंत्र कार्यालय उघडण्याची गरज नाही. प्रत्येक वस्तीत सायकल दुरुस्तीचे एखादे दुकान अजून तग धरून असते. त्या दुकानदारास नोंदणीचे, रोख पैसे स्वीकारण्याचे व किरकोळ दुरुस्तीचे काम मोबदला देऊन सोपवावे. त्यास वस्तीतील माणसे ओळखतात आणि तोही त्यांस ओळखतो. महिला बचत गटांसही हे काम देता येईल.

तिसरी गोष्ट जबाबदारीची. नेहमीच्या वापरातील झीज व मोडतोड यांचा भार सभासदावर नाही, हे ठळक अक्षरांत, स्थानिक भाषांत प्रत्येक केंद्रावर लिहावे. हरवलेल्या सायकलीसाठी भरावयाच्या रकमेस मर्यादा असावी व उरलेली जोखीम विम्याने उचलावी.

चौथी गोष्ट स्त्रियांच्या सोयीची. अर्ध्या-अर्ध्या तासाच्या दराऐवजी दिवसाचा एकच अल्प दर ठेवल्यास अनेक घरी काम करणाऱ्या स्त्रीस सायकल जवळ ठेवता येईल. काही सायकलींना मागे भक्कम कॅरियर, मोठी टोपली आणि साडीसाठी चाकाचे आच्छादन असावे. शाळेच्या मैदानावर रविवारी सकाळी प्रौढ स्त्रियांसाठी शिकवणी वर्ग घेण्यास फारसा खर्च येत नाही.

पाचवी गोष्ट रस्त्याची. केंद्रापासून बसथांब्यापर्यंतचे शंभर-दोनशे मीटर सुरक्षित नसतील, तर बाकी सर्व व्यर्थ आहे. पांढरे पट्टे, वेग कमी करणारे उंचवटे, दिवे आणि सायकलीसाठी राखलेली पट्टी यांचा खर्च केंद्राच्या खर्चातच धरावा.

शेवटची गोष्ट मोजमापाची. योजनेचे यश किती सायकली घेतल्या व किती फेऱ्या झाल्या यांवरून मोजण्याची रूढी आहे. त्याबरोबर स्त्रियांच्या फेऱ्या किती, अल्प उत्पन्न वस्त्यांतील केंद्रांवरून निघालेल्या फेऱ्या किती, सवलतीच्या सभासदांपैकी किती जणांनी तीन महिन्यांनंतरही वापर चालू ठेवला, ही माहिती दरमहा प्रसिद्ध करावी. ज्याची नोंद होत नाही त्याकडे लक्ष जात नाही, हा प्रशासनाचा जुना अनुभव आहे.

समारोप

सार्वजनिक विहीर गावात असली, तरी तिला पायऱ्या नसतील आणि दोरही नसेल, तर तहानलेल्यास तिचा उपयोग नाही. सार्वजनिक सायकलीची गोष्ट तशीच आहे. सायकली विकत घेणे व केंद्रे बांधणे हे काम एका निविदेत होते. त्या सायकलीपर्यंत पोहोचण्याच्या पायऱ्या, म्हणजे सुलभ नोंदणी, परवडणारा दर, निर्धास्तपणा व सुरक्षित रस्ता, या मात्र दीर्घकाळ व चिकाटीने घडवाव्या लागतात. उणकलच्या गल्लीतून पहाटे कामावर निघणारी स्त्री केंद्रावर येऊन कोणासही न विचारता, न बिचकता सायकल घेईल आणि बस गाठील, तेव्हाच ती सायकल खऱ्या अर्थाने सार्वजनिक झाली असे म्हणता येईल. आपल्या शहरांत अशा योजना आखताना नियोजनकर्त्यांनी हीच कसोटी प्रथम डोळ्यांपुढे ठेवावी.